गादी न आवडून घेण्याची रीत

घराची प्रतिष्ठा पाहुण्याच्या पाठीवर उभी असते. हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, कारण ग्रंथ लिहिणारे पाहुणे म्हणून जात. त्यांची अंथरुणं घालणारी माणसं वेगळी होती.

मी भिंगारची एलिझाबेथबाई. माझी शाळा चौथीत सुटली, आणि त्याबद्दल माझी किंवा शाळेची काही तक्रार नव्हती. त्यामुळे मी लिहिलेलं समजायला अडचण पडणार नाही.

गेल्या नाताळात माझ्या सुनेची, एंजेलाची आई कोपरगावहून आमच्याकडे राहायला आली. विहीणबाईंचं नाव क्रिस्टीना. मी त्यांना माझी कापसाची गादी दिली आणि स्वतः सतरंजीवर झोपले. त्यांनी करंज्या खाल्ल्या, काही नावं ठेवली नाहीत. परत गेल्यावर मात्र बायकांच्या प्रार्थनासभेत उभ्या राहून म्हणाल्या, "भिंगारच्या मायाळू माणसांसाठी देवाची स्तुती असो. त्यांच्या गादीनं माझी मान धरली हाय, तिच्यासाठी प्रार्थना करा." (चुगली प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितली की ती चुगली राहत नाही. आमच्या मंडळीत हा नियम फार काटेकोर पाळतात.) बघता बघता माझ्या गादीसाठी राहुरीतही प्रार्थना सुरू झाली.

म्हणून यंदा नाताळाआधी नवी गादी घ्यायची ठरली. एंजेलानं मोबाईलवर शोध घेतला आणि जगात 'लक्झरी नॅचरल हायब्रीड' नावाची गादी असते हे उजेडात आणलं. हायब्रीड म्हटलं की आम्हाला ज्वारी ठाऊक. ती नाइलाजानं खाल्ली होती. आता त्याच नावावर ऐपत दाखवून झोपायचं होतं. सदर गादीची रचना अशी: तळाला स्प्रिंगा, प्रत्येकीला स्वतंत्र पिशवी (लग्न झालेल्या मुलांना स्वतंत्र खोली असते तशी, कारणही तेच, एकीची धुसफूस दुसरीला कळू नये). त्यावर रबराच्या झाडाच्या चिकाचा थर. त्यावर मेंढीची लोकर. सगळ्यात वर कापूस, तोही खत न घातलेला. यातल्या मेंढ्या आणि कापूस आपल्या जिल्ह्यात वाटेल तेवढे आहेत. पण ते एकमेकांवर रचून शिवले की निसर्ग महाग होतो.

किंमत वाचून माझ्या इमॅन्युएलनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

तेव्हा परवडणारा पर्याय शोधण्याची कार्यवाही हाती घेण्यात आली. काथ्याची गादी पाहिली. नारळ नैसर्गिक खरा, पण तो टोचतोही नैसर्गिकच. फोमच्या गादीला नव्या बुटाचा वास येत होता. शेजारचे सहादेवराव छावणीच्या भांडारातून निवृत्त झालेले. त्यांनी लिलावात घेतलेली स्प्रिंगची खाट दाखवली.

"लष्करी माल हाय बाई. साहेब झोपायचे हिच्यावर."

"तेच ना, पाठीच्या दुखण्यानं लवकर घरी बसले ते?"

"व्हय. पन पेन्शन चांगली भेटली."

शेवटी पर्याय एंजेलालाच सापडला. त्याच महागड्या कंपनीची बारीक अक्षरातली अट होती: तीन महिने झोपून बघा, न आवडल्यास सर्व पैसे परत, कारण विचारलं जाणार नाही, मात्र डाग पडलेला चालणार नाही. मी आयुष्यात पुष्कळ भाव केले, पण इतका स्वस्त सौदा पाहिला नाही. तीच गादी, तोच निसर्ग. फक्त वेळेवर नावडली पाहिजे.

गादी आली. सुरळी सोडली तशी ती फुगली, आणि घरात नियम लागू झाले. गादीवर खायचं नाही, तेल लावलेलं डोकं टेकायचं नाही, पाय धुतल्याशिवाय त्या खोलीत जायचं नाही. डाग पडू नये म्हणून वर मेणकापड घातलं. ते रात्री चुरचुरतं म्हणून त्यावर सतरंजी. सतरंजी सरकते म्हणून तिच्यावर वजनाला माझी जुनी गादी. आणि हे सगळं एक दिसावं म्हणून वरून जमिनीपर्यंत नवी चादर.

खरा धोका डागाचा नव्हताच. चादर घालण्याआधी एका दुपारी इमॅन्युएल नुसत्या गादीवर आडवा झाला आणि संध्याकाळी उठून म्हणाला, "आई, आवडली गं." एंजेलानं लगेच त्या खोलीला बाहेरून कडी घातली. आवडली म्हणजे पैसे गेले. त्या दिवसापासून घरातल्या कोणीही सदर गादीवर झोपू नये, असा ठराव झाला. (ठरावाच्या बाजूनं दोन मतं पडली. इमॅन्युएल तटस्थ होता; लग्नापासून असतो.)

नाताळाला क्रिस्टीनाबाई आल्या. स्टुलावर पाय देऊन गादीवर चढल्या. मी रात्रभर त्यांच्या मानेकडे कान लावून पडले होते.

सकाळी चहाला त्या बसल्या, त्या आदल्या दिवसापेक्षा सरळ.

"लई दिवसांनी अशी झोप लागली, विहीणबाई. हीच ना ती हायब्रीड?" असं म्हणून त्यांनी चादरीचा कोपरा वर केला आणि माझी जुनी गादी चाचपली. "आत काय भरलंय?"

"कापूस, मम्मी," एंजेला म्हणाली. "अगदी नैसर्गिक." (हे शंभर टक्के खरं होतं.)

"मग ही मला द्या. लेकीच्या घरची आठवण."

विहिणीनं तोंडानं मागितलेली वस्तू नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. गादी टेम्पोवर चढली आणि कोपरगावला गेली. पुढच्या सभेत विहीणबाईंनी साक्ष दिली, की विलायती गादीनं मान मोकळी झाली, देवाची स्तुती असो. गेल्या साली मान धरणारी गादी तीच होती. फक्त तेव्हा तिची किंमत कोणाला ठाऊक नव्हती.

मुदत संपत आली तसं एंजेलानं कंपनीला फोन लावला आणि गादी नावडल्याचं कळवलं. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. वापरलेली गादी कंपनी परत नेत नाही; ती एखाद्या गरजू व्यक्तीला दान करा, देतानाचा फोटो पाठवा, पैसे जमा होतील.

झालं. आता गरजू आणायचा कुठून? इमॅन्युएलनं दोघांना विचारून पाहिलं. दोघंही आनंदानं तयार झाले, पण ते गादी खरोखरच नेणार होते. (गरिबांना व्यवहार कळत नाही तो असा.) मग एंजेला माझ्याकडे बघत राहिली.

"मम्मी, तुमची गादी तर कोपरगावला गेली. तुम्ही सध्या कशावर झोपता?"

"सतरंजीवर."

"म्हणजे नियमात बसता."

मी आयुष्यात भिंगारमध्ये कोणापुढे हात पसरला नाही. त्या दिवशी पोटच्या पोरापुढे पसरला, आणि तोही दोनदा, कारण पहिल्या फोटोत माझ्या हातातल्या पाटल्या दिसत होत्या. तेवढ्या काढून ठेवल्या. इमॅन्युएल म्हणाला, "आई, जरा दीन दिस." मी म्हटलं, "तुझ्याकडे बघते, आपोआप होईल."

फोटो गेला. पुन्हा त्याच बाईंचा फोन आला, या वेळी माझ्यासाठी.

"आजी, राग मानू नका, पण तुमच्या भागातून फोटो येतात त्यात देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाक एकसारखं कसं असतं?"

मी म्हटलं, "बाळा, दान करताना आपला-परका बघू नये अशी आमच्याकडे शिकवण आहे."

पैसे जमा झाले. रोज रात्री मी लोकर, चीक आणि स्प्रिंगांवर झोपते, कागदोपत्री गरजू म्हणून. झोप उत्तम लागते.

आता वाचता वाचता ज्यांनी मनातल्या मनात आपल्या घरातला गरजू निवडून ठेवला असेल, त्यांना अनुभवाचं एवढंच सांगते: फोटो बाजूनं काढू नका. नाक दिसतं.