एका तालात बुडालेली पलटण

एका जंगलात बर्फ फार होता आणि सरदार त्याहून फार. बाळांनो, नीट ऐका. मोठ्यांना ऐकवू नका, त्यांना झोंबेल.

त्या जंगलात वलेरियान नावाचं एक सांबर होतं. घराणं मोठं. तिथली रीत अशी, की सरदाराचं पोर जन्मलं की त्याच दिवशी त्याचं नाव पलटणीत घालायचं. आईला लुचत असताना वलेरियान हवालदार झाला. दुधाचे दात पडले तेव्हा कप्तान. लढाई म्हणजे काय हे कुणी सांगायच्या आत तो जनरल होऊन बसला. शिंगांना जेवढे फाटे, तेवढी पदकं लटकत.

पलटण रानडुकरांची. त्यांना त्याने एकच विद्या शिकवली. सगळ्यांचा पाय एकदम पडला पाहिजे. धप, धप. एखाद्याचा पाय मागेपुढे झाला की फटके. राजा सज्ज्यातून बघायचा आणि खूश व्हायचा.

एका हिवाळ्यात नदीपलीकडे लांडगे जमले. नदी गोठलेली. वलेरियानने हुकूम सोडला, की नदी ओलांडायची आणि तीही संचलन करत. लांडग्यांनाही शिस्त दिसू दे.

पलटणीत प्रोखोर नावाचा एक तरणा डुक्कर होता. त्याचा थोरला भाऊ येफिम पहिल्या रांगेत. गोठलेल्या नदीवरून पांगून, हळूहळू जायचं असतं, हे तिथल्या पिलालाही ठाऊक होतं. निरोप द्यायला काठावर जमलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतंच. सरदारांना कुणीतरी अडवा, असं प्रोखोर त्यांना सांगायला गेला.

“सरदारांना कळत नाही का?” तिखॉन आजोबा म्हणाले. “तोंड वर करून बोलू नकोस.”

“आजोबा, दादा पुढे आहे.”

“पुढे आहे म्हणजे मान आहे.”

प्रोखोर थेट वलेरियानसमोर गेला आणि एका तालात पाय पडले तर बर्फ फुटेल, असं सांगून मोकळा झाला. वलेरियानने नाकाला रुमाल लावला. डुकराशी एवढ्या जवळून तो कधी बोलला नव्हता. ताल बिघडवणारा म्हणून त्याने प्रोखोरला काठावरच्या झाडाला बांधायला लावलं.

म्हणून तर तो जगला. वलेरियान काठावरच थांबला आणि पलटण निघाली. मधोमध बर्फ तडकला. येफिमने एकदा मागे वळून पाहिलं, पण पाय चुकू दिला नाही. मग पलटण नव्हती, नुसतं काळं पाणी होतं.

बर्फच फुटला, तेव्हा लांडगे येणार कुठून? ते परत गेले. राजा म्हणाला, काय डोकं आहे. वलेरियान प्रांताचा सुभेदार झाला. त्याने चौकात स्वतःचा पुतळा उभारला आणि भाषण केलं, की डुकरांनी देशासाठी आपण होऊन बर्फ फोडला.

गर्दीतून प्रोखोर पुढे आला.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “यांना मी आधी सांगितलं होतं. दादा फुकट मेला.”

वलेरियानला खूरही उचलावा लागला नाही. प्रोखोरची आईच पुढे झाली.

“माझा येफिम शूर होता,” ती म्हणाली. “तू त्याला मूर्ख ठरवतोस?”

पहिला सुळा तिखॉन आजोबांनी मारला. मग बाकीचे धावले. जंगलाच्या हद्दीपलीकडे हाकलून दिल्यावरच ते थांबले.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ते तुम्हाला वाचवणार नाहीत, पण मेल्यावर फार छान रडतात.