एकेचाळीस वाजंत्री आणि चाळीस टॉवेल

सुरुवातीला खोलीत काय काय होतं ते नीट मोजून सांगतो. खोली एक, दहा फूट बाय बारा फूट, वर स्लॅब. भिंती चार, चारही उघड्या. संगणक एक, रॅम दोन जीबी, पडदा मागून गाभण म्हशीएवढा. पेटीसारख्या पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड एक. त्यातली एक पट्टी मुकी, म्हणजे कामाच्या चोवीस. हेडफोन एक, त्याचा डावा कान मेलेला. आणि घुमारा. खोलीच्या मधोमध उभं राहून मी टाळी वाजवली, रेकॉर्ड केली, पाच वेळा मोजून सरासरी काढली. टाळीचा आवाज विरायला १.३ सेकंद लागत होते. गाणं-बजावणं करायच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदात विरला पाहिजे. त्यासाठी भिंतींना जाड फोम लावतात. फोमचा भाव मी एकदा विचारला. पुन्हा विचारला नाही.

मी धनेंद्र, राहणार गोंदियाजवळचं मुर्री, एम.एस्सी. भौतिकशास्त्र. गोष्ट २०१३ सालची. माझा मोठा भाऊ खुमेंद्र याचं लग्न ठरलं होतं. "ठरलं होतं" हे दोन शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलायचे, कारण दादाच्या आधीच्या सात सोयरिकी मोडल्या होत्या. एक तर केवळ आमच्या आत्याने भाजीत मीठ कमी आहे म्हटल्यामुळे. ही आठवी. मुलगी ओमेश्वरी, गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठी, घर मानाचं. आता कुठेही काही बिघडू द्यायचं नाही, असं बाबूजींनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून सांगितलं होतं.

आणि लग्नाला तीन आठवडे असताना कळलं की त्या तारखेला गोंदियातला एकही बँड मोकळा नाही.

"बँडचं काय घेऊन बसले, बाबूजी?" मी म्हणालो. "मी घरात बँड तयार करतो!"

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो ते सांगतो. व्हर्च्युअल वाद्य म्हणून एक प्रकार असतो. खरा वादक खरं वाद्य घेऊन एकेक सूर वाजवतो, ते सूर साठवून ठेवतात. मग आपण कीबोर्डची पट्टी दाबली की संगणकातून तोच सूर निघतो. व्हायोलिन विकत घ्यायला नको, शिकायला नको, पुसायला नको. फक्त निवडायचं. आणि निवड हा तर विज्ञानाचा प्रांत!

मी तक्ता केला. रकाने चार: आवाज, आकार, रॅम, किंमत. किंमत या रकान्यात शून्याखेरीज दुसरा आकडा असेल ती ओळ खोडली. सत्तावन्न ओळींतल्या एकोणीस उरल्या. त्यातलं एक व्हायोलिन चौदा जीबीचं होतं. आमच्या इंटरनेटच्या वेगाने ते उतरवायला पाच दिवस दीड तास लागले असते, तेही वीज गेली नाही असं धरून. मुर्रीत असं धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तीही ओळ खोडली.

सनईचे मात्र चार नमुने उरले. कान तटस्थ हवेत म्हणून मी परीक्षक म्हणून आईला बसवलं. ती तांदूळ निवडत होती. कोणता नमुना कोणाचा हे तिला सांगितलं नाही, म्हणजे चाचणी शास्त्रशुद्ध.

पहिल्या नमुन्याला ती म्हणाली, फाटकावर ट्रक अडकला वाटते. दुसऱ्याला म्हणाली, बकरी बांधली नाही का? तिसरा ऐकून तिने सूप खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?" चौथ्याला मात्र तिची मान डोलली.

"हा मानूस चांगला वाजवते. कोनाचा हाये?"

"माणूस नाही आई, हा नमुना आहे."

"नमुना तं तू हायेस," आई म्हणाली आणि सूप उचललं.

अशा रीतीने वाद्यवृंद पक्का झाला. व्हायोलिन अठरा, चेलो आठ, बासऱ्या चार, ट्रम्पेट चार, ढोल-ताशे सहा, सनई एक. एकूण एकेचाळीस, खर्च शून्य. फक्त ही वाद्यं ज्या प्लेअरमधून वाजवायची तो विकतचा होता. मी त्याची ट्रायल घेतली. ट्रायलला दोन अटी होत्या. एक, 'सेव्ह' बंद, म्हणजे सीडी काढता येणार नाही, संगणकच वरातीत न्यावा लागेल. दोन, दर साठ सेकंदांनी सगळी वाद्यं चार सेकंद गप्प होतील. चौसष्टात चार म्हणजे सव्वासहा टक्के. लग्नात एवढं कोण ऐकतं, असं मी वहीत लिहून ठेवलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मुलीचे काका मुन्नालाल यांचा फोन आला. आमच्याकडे रीत अशी की वरातीत माणसं किती आणि वाजंत्री किती, हे मुलीकडचे आधी विचारून घेतात, म्हणजे पान कमी पडत नाही. बाबूजी अंगणात फोन कानाला लावून उभे होते. मी आत हेडफोन लावून व्हायोलिन जुळवत होतो.

"अबे धनेंद्र, वाजवनारे किती हायेत तुह्याजवळ?"

"एकेचाळीस!"

"घेतात किती?"

"काहीच नाई. सगळे फुकट!"

पलीकडून मुन्नालालकाका काय म्हणाले ते बाबूजींना खेटून उभ्या असलेल्या दादाने मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, "फुकट वाजवून राहिले? मंग इवाई, जेवू तं घालाच लागन. अन् एकेक टावेल." इवाई म्हणजे व्याही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आमची ट्रॅक्टरची ट्रॉली सजली. तिच्यात संगणक, पडदा, भाड्याचे दोन मोठे स्पीकर आणि जनरेटर. उन्हाचा कडाका होता म्हणून संगणकावर ताडपत्री टाकली होती. बाबूजी फेटा बांधत आले.

"तुहे लोक कोठी हायेत?"

"सगळे ट्रॉलीत हायेत, बाबूजी."

त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं. "झाकून काऊन ठेवले? गुदमरतीन ना."

"पंखा लावला हाये आतून."

"पानी?"

"पाणी लागलं तर मरतील," मी म्हणालो.

बाबूजी ट्रॉलीपासून दोन पावलं मागे सरकले. मग दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, त्यांना संगणकाची काळजी वाटते आहे. बरं वाटलं!

गावाच्या शिवेवर मुलीकडचे स्वागताला उभे होते. शाळेच्या वऱ्हांड्यात एका ओळीत गाद्या घातलेल्या, भिंतीवर खडूने लिहिलेलं, 'वाजंत्री मंडळ, ४१'. एका परातीत सरबताचे पेले, दुसरीत घडी घातलेले टॉवेल. साधे नाहीत, चांगले जाड, केसाळ. मी ओळीने मोजले. एकेचाळीस. आकडा ओळखीचा वाटला, पण निष्कर्षापर्यंत पोचायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो.

मी ताडपत्री काढली आणि आधीच जुळवून ठेवलेल्या धुनेचं बटण दाबलं. अठरा व्हायोलिनं, सहा ढोल-ताशे, वर सनई! आवाज कालव्यापलीकडच्या धानापर्यंत गेला. वऱ्हाडी नाचू लागले. मुन्नालालकाका मात्र नाचत नव्हते. ते ट्रॉलीभोवती फिरत होते. एकदा वाकून चाकाखालीही पाहिलं.

साठ सेकंद झाले. सगळं गप्प. नाचणाऱ्यांचे पाय वरच्या वर राहिले. त्या शांततेत मुन्नालालकाकांचा आवाज साऱ्या गावाला ऐकू गेला.

"रुसले."

चार सेकंदांनी संगीत पुन्हा सुरू झालं, पण ते आता कोणी ऐकत नव्हतं. एकेचाळीस वाजंत्री रुसून ट्रॉलीतून उतरून गेले, ही बातमी मांडवापर्यंत पोचली होती. कोणी म्हणे सरबत कोमट होतं. कोणी म्हणे गाद्या शाळेत घातल्या, घरात घातल्या नाहीत, त्याचा राग आला. मुलीकडच्यांनी तीन टोळ्या केल्या. एक कालव्याकडे, एक बस थांब्याकडे, एक आंबराईकडे. प्रत्येक टोळीबरोबर सरबताची एक बादली.

मग मांडवातून ओमेश्वरीचे आजोबा आले. केशोराव, वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पाठ माझ्यापेक्षा ताठ. ते ओरडले नाहीत.

"आमच्या घरी वाजवनारा उपाशी गेला अन् नवरी बोहल्यावर उभी राहिली, असं झालं नाई. आधी ते जेवतीन. मंग लगन."

मुहूर्त ११.४२ चा होता. घड्याळात ११.३१ झाले होते. दादा मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत आधीच्या सातही सोयरिकी होत्या.

बाबूजींनी माझा दंड धरला. "एकेचाळीस म्हनलास ना बे?"

"वाद्यं म्हणालो, बाबूजी!"

"फुकट म्हनलास."

"सॉफ्टवेअर फुकट!"

"तो कोन?" बाबूजी म्हणाले.

तेवढ्यात बस थांब्याकडची टोळी परतली. बकाराम नावाच्या माणसाने सायकलच्या दांडीवर एकाला बसवून आणलं होतं. तो बाभळीखाली एकटाच बसला होता म्हणे, तोंड पाडून. त्याच्या गळ्यात पेटी होती. मी नीट पाहिलं. पेटी कुल्फीची होती. तो बिचारा तेच सांगत होता, पण त्याला टिळा लागला, गळ्यात टॉवेल पडला आणि पुढ्यात पान आलं. पान पाहिल्यावर त्याने सांगणं थांबवलं.

"एक भेटला," मुन्नालालकाका म्हणाले. "चाळीस राह्यले."

आता सत्य सांगण्याला पर्याय नव्हता. मी केशोरावांना हात देऊन ट्रॉलीवर चढवलं आणि पडदा दाखवला. ही व्हायोलिनची ओळ, ही बासरीची. सगळे यातच आहेत, कोणी गेलं नाही, कोणी रुसलं नाही. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, पडद्याला बोट लावून पाहिलं.

"याच्या अंदर?"

"हो, आजोबा. आधी कोणीतरी वाजवलं, ते साठवलं. मी फक्त पट्टी दाबतो."

"ज्यायनं वाजवलं, ते खरे मानसं?"

"हो. परदेशात. कुठल्यातरी स्टुडिओत."

केशोरावांनी थोडा विचार केला. "ते जेवले होते?"

मी तक्त्यात चार रकाने केले होते. आवाज, आकार, रॅम, किंमत. हा रकाना नव्हता. खोटं बोलता आलं असतं, पण ज्याचं मोजमाप आपल्याजवळ नाही ते सांगायचं नाही, असं आमचे सर शिकवायचे.

"माहीत नाही, आजोबा."

"वाजवनं घेतलं, अन् जेवल्याचं माहीत नाई." त्यांनी चष्मा काढला. "मंग त्यायच्या नावाचा मान तू घे. चाळीसही. मान चुकला नाई पायजे."

मांडवात चाळीस पानं मांडली गेली. मी पहिल्या पानावर बसलो. प्रत्येक पानावर टिळा एक, टॉवेल एक, घास एक, मग सरकून पुढचं पान. केशोराव स्वतः भरवत होते. ट्रॉलीवर संगीत चालू ठेवायचा त्यांचा हुकूम होता. साठ सेकंद झाले आणि सगळी वाद्यं गप्प झाली. मी डोळे मिटले. आता पुन्हा "रुसले" ऐकू येणार!

"पाहा," केशोराव साऱ्या मांडवाला म्हणाले, "घास घ्याले थांबून राहिले." आणि त्यांनी बुंदीचा लाडू माझ्या तोंडात घातला.

मांडवातून एकच समाधानाचा हुंकार निघाला. तेव्हापासून ते दर वेळी त्या चार सेकंदांची वाट पाहून घास देऊ लागले. वादक वाजवत असताना त्यांच्या तोंडात घास घालणं त्यांना असभ्य वाटत होतं. म्हणजे घासाला चौसष्ट सेकंद. चाळीस घासांना बेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद. एकविसाव्या घासाला मी विनवलं की आजोबा, चेलोवाले कमी खातात. ते म्हणाले, ते तू काऊन ठरवून राहिलास?

शेवटी शेवटी माझं फक्त नाक टॉवेलांबाहेर होतं. मे महिना होता. एक आजीबाई आमच्या आईला विचारत होत्या, हा मुलगा थंडीतापाने आजारी आहे का? आई म्हणाली, नमुना आहे.

११.४२ चा मुहूर्त गेला. गावच्या पुरोहित महाराजांनी पंचांग उलटसुलट करून दुपारचा दुसरा मुहूर्त काढला. अक्षता १.२९ ला पडल्या. मंगलाष्टक दोनदा चार चार सेकंद थांबलं, कारण तोपर्यंत गाणाऱ्यांनाही तेवढं थांबायची सवय लागली होती. दादा बोहल्यावरून उतरला तेव्हा पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी नवी वहिनी घरात आली. तिने कोपऱ्यात छताला टेकलेला टॉवेलांचा ढीग पाहिला आणि विचारलं, याचं काय करायचं? मी हातोडी आणि खिळे आणले. वहिनीने टॉवेल धरले, मी ठोकले. चारही भिंती वरपासून खालपर्यंत झाकल्या गेल्या. मग वहिनीला बाहेर उभं करून, दार लावून, खोलीच्या मधोमध पाच वेळा टाळी वाजवली.

घुमारा, टॉवेलांआधी: १.३ सेकंद.

चाळीस टॉवेल लावल्यावर: ०.५ सेकंद.