दाराआडची उमेदवार

मुकुंद सतरंजीवर बसून जांभया देत होता आणि शरच्चंद्रपंत त्याला डॉक्टर करत होते. कचेरीतली कारकुनी उरकून सव्वापाचला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि पोराला समोर बसवायचं, हा त्यांचा गेल्या दोन महिन्यांचा नेम होता. पुण्याकडच्या एका मेडिकल स्कूलनं त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकतीस साली, नवीच टूम काढली होती. नुसत्या मॅट्रिकच्या मार्कांवर प्रवेश नाही. उमेदवाराला एखाद्या रोग्याची हकीकत ऐकवायची, मग त्या हकीकतीवर एकेक विधान करायचं आणि त्यानं तीनपैकी एक उत्तर द्यायचं: ‘खरं’, ‘खोटं’ किंवा ‘सांगता येत नाही’. रोगी काही इंग्रजीत कण्हत नाही, म्हणून एवढा भाग मराठीतून.

“नीट ऐक,” पंत म्हणाले. “एका विणकराला खोकला आहे. त्याच्या शेजाऱ्यालाही खोकला आहे. विधान असं की, शेजाऱ्याला तो विणकराकडून लागला. बोल.”

“खरं,” मुकुंद म्हणाला.

“अरे, कशावरून खरं?”

“शेजारीच राहतो ना, आण्णा.”

पंतांनी कपाळाला हात लावला. मुकुंद वाईट मुलगा नव्हता. त्याला गिरणीच्या रंगखात्यात जायचं होतं, कुठला रंग कुठल्या सुतावर चढतो ते तो डोळे मिटून सांगत असे. पण पंतांना दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी हवी होती, आणि घरात दुसरा मुलगा नव्हता.

बाहेरची खोली आणि माजघर यांच्यामधल्या दाराआड या वेळी मुकुंदच्या आई, रुक्मिणीबाई, उभ्या असत. हाताला पीठ किंवा राख, कान बाहेर. त्या मराठी चौथीत पहिल्या आल्या होत्या, आणि पाचवीचं पुस्तक हातात पडायच्या आत त्यांचं लग्न लागलं होतं. त्याला आता तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत घरातल्यांनी त्यांना पुष्कळ विचारलं होतं. पानं वाढली का, धोतर वाळलं का, किल्ली कुठे ठेवलीस. पण ज्याचं उत्तर द्यायला डोकं चालवावं लागेल, असा प्रश्न कुणी एकदाही विचारला नव्हता. त्यांना पाटल्या नको होत्या, काशीयात्रा नको होती. आपल्यालाही कुणीतरी एकदा असा प्रश्न विचारावा, एवढीच त्यांना फार आस होती, आणि ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला भुकेसारखी लागायची.

त्या विणकराच्या वेळी तर त्यांना राहवलंच नाही. दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून लागला असेल, हे सांगता कसं येईल, असं मनात म्हणताना त्यांचा हात हलला आणि बांगड्या वाजल्या. पुढच्या विधानालाही वाजल्या, आणि मग प्रत्येक उत्तराला त्यांचा हात ठरावीक वेळा हलू लागला. त्या काळी घरची बाई परक्यासमोर येत नसे. काही सांगायचं झालं तर दाराआडून बांगड्या वाजवी, आणि आतला चहा तयार आहे की साखर संपली आहे ते बाहेरचा माणूस बरोबर ओळखी. त्यामुळे मुकुंदचा कान या भाषेला लहानपणापासून तयार होता. हकीकतीत त्याला गती नव्हती, पण आठवड्याभरात त्यानं हिशेब बसवला. एकदा वाजली की खरं. दोनदा वाजली की खोटं. तीनदा वाजली की सांगता येत नाही.

रुक्मिणीबाईंच्याही हे लवकरच ध्यानात आलं. खरं म्हणजे त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण आपण दिलेलं उत्तर कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडतं आणि पंत “शाबास!” म्हणतात, हे ऐकण्यात इतकं सुख होतं की त्या थांबल्या नाहीत. शाबासकी दाराच्या पलीकडे पडायची, तरी त्या अलीकडून तेवढीच उचलून घ्यायच्या.

पंत मात्र हवेत गेले. कचेरीत, बाजारात, न्हाव्यासमोर, जिथे तिथे मुकुंदच्या बुद्धीच्या गोष्टी. जिल्ह्यातल्या उमेदवारांची तोंडी परीक्षा घेऊन शिफारस लिहायचं काम त्या स्कूलनं डॉ. रेवणप्पा यांच्याकडे सोपवलं होतं. डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नव्या पेठेत राहत होते आणि परीक्षा आपल्या घरीच घेत. हे ऐकल्यावर मुकुंदचा चेहरा उतरला.

“आण्णा, परीक्षा आपल्याकडे होईल का? मला या खोलीतच सुचतं.”

पंतांना यातही हुशारी दिसली. त्यांनी डॉक्टरांना शेंगापोळीचं आमंत्रण दिलं. डॉक्टर म्हणाले, “शेंगापोळी असेल तर येतो की. शुक्रवारी चार वाजता.”

शुक्रवारी पंतांनी कचेरीतून रजा काढली. सकाळी रुक्मिणीबाई उखळात भाजलेले शेंगदाणे कुटायला बसल्या. मनात परीक्षा घोळत होती, मुसळ जोरात चाललं होतं. एक घाव कडेला बसला आणि उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या वाढल्या. डाव्या हातातल्या आधीच रोजच्या वाजण्यानं चिरा पडून एकेक करून संपत आल्या होत्या. पाहुणा घरी यायचा आणि सवाशिणीचे हात रिकामे! शिवाय बांगड्या नाहीत तर मुकुंदचं काय? त्यांनी शेजारच्या कमलम्माला हाक मारली.

“कमलम्मा, चंद्रव्वाला जरा बोलवतेस का? म्हणावं दोनच्या आत ये.”

बांगडीवाली चंद्रव्वा अक्कलकोटची. ती अडीचला आली आणि तिच्यामागून कमलम्मा, बाळाबाई आणि बोळातल्या आणखी दोघीतिघी आल्या. बांगडीवाली एका घरी बसली की आसपासच्या बायकांनी तिथेच येऊन हात पुढे करायचे, ही रीतच. माजघर भरून गेलं. चंद्रव्वानं रुक्मिणीबाईंचा हात आपल्या गुडघ्यावर ओढला आणि पहिली बांगडी नखानं वाजवून कानाशी धरली.

“आवाज आइका अव्वा. चिरलेली न्हाय. आमचा माल लई पक्का हाय.”

“चंद्रव्वा, लवकर कर. चारला पाहुणे यायचेत.”

“घाईनं बांगडी भरत न्हाईत की वो. हात सैल सोडा.”

इतक्यात बाहेरून पंतांचा आवाज आला, “या, या, डॉक्टरसाहेब!” शेंगापोळी तव्यावरून उतरताच खावी असं डॉक्टरांचं मत होतं, म्हणून ते पावणेतीनलाच आले होते. पण पोळी अजून उखळात होती. तोवर परीक्षा उरकू, असं म्हणून ते लोडाला टेकले.

“हं, मुकुंद. मंद्रूपचा सिद्धाप्पा बाजार करून चालत घरी निघाला. वाटेत ओढ्याचं पाणी प्याला. त्याची बायको सोबत होती, तीही तेच पाणी प्याली. घरी आल्यावर सिद्धाप्पाचं पोट दुखायला लागलं, बायकोला काही झालं नाही. कळलं? आता पहिलं विधान. सिद्धाप्पाला बायको आहे.”

आत चंद्रव्वानं दोन बांगड्या वाजवून पाहिल्या.

“खोटं,” मुकुंद ठामपणे म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “अरे, मग पाणी प्याली ती कोण?”

आत तीन वाजल्या.

“सांगता येत नाही.”

पंत मध्ये पडले. “घाबरलाय हो जरा. मुकुंद, नीट ऐकून उत्तर दे!”

नीट ऐकत होता, हीच तर पंचाईत होती. डॉक्टर म्हणाले, “बरं, सोपं विचारतो. पोट सिद्धाप्पाचं दुखलं.”

आत कमलम्मा एकेक बांगडी नखानं वाजवून बघत होती, बाळाबाई हिरव्या बांगड्यांचा गुच्छ हलवून निवडत होती आणि रुक्मिणीबाई चंद्रव्वाच्या मुठीतून हात सोडवायला धडपडत होत्या. मुकुंद बोटं मोजू लागला. चारपर्यंत गेला, सातपर्यंत गेला, आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, “साहेब, तीनच्या वर वाजल्या तर काय म्हणायचं, ते ठरलेलं नाही हो!”

आतल्या बांगड्या थांबल्या. चंद्रव्वानंही अर्धी भरलेली बांगडी तशीच धरून ठेवली. डॉक्टर दाराकडे पाहत होते. ते म्हातारे होते, पण त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या छातीला कान लावून ऐकलेलं होतं. त्यांना सगळं कळलं.

“आत कोण आहे?”

“कुणी नाही,” पंत घाईनं म्हणाले. “घरची मंडळी आहेत.”

डॉक्टर दाराकडे वळून बसले. “बाई, ओढ्याच्या पाण्यानं सिद्धाप्पाचं पोट दुखलं, हे तिसरं विधान. तुम्ही काय म्हणाल?”

तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं अचानक, हात दुसऱ्याच्या मुठीत असताना येईल, असं रुक्मिणीबाईंना वाटलं नव्हतं. बांगड्या वाजवायची सोय नव्हती. त्या बोलल्या.

“सांगता येत नाही. बायकोला बाधलं नाही म्हणून पाणी चांगलं, असंही नाही, आणि त्याला दुखलं म्हणून वाईट, असंही नाही. बाजारात त्यानं काय खाल्लं ते तुम्ही सांगितलंच नाही. आधी ते विचारायला हवं.”

डॉक्टर आणखी दाराजवळ सरकले. मग त्यांनी आणखी चार हकीकती सांगितल्या, एकाहून एक वाकड्या. चारही बरोबर आल्या. शेवटच्या वेळी आतून चंद्रव्वाचं “व्हय, बराबर हाय!” सुद्धा ऐकू आलं.

“किती शिकलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“मराठी चौथी.”

“आणि पुढं?”

“पुढं लग्न.”

डॉक्टरांनी शिफारशीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. “पंत, मुलाला रंगखात्यात जाऊ द्या. आणि दाराच्या आत आहेत त्यांच्यासाठी माझ्याकडं फॉर्म नाही. मॅट्रिक लागतं.” त्यांना पुढेही काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात आतल्या बायकांनी भाजलेली शेंगापोळी आली.

चार दिवस पंत घरात कुणाशी बोलले नाहीत. मुकुंद गिरणीत जाऊन नाव नोंदवून आला. रुक्मिणीबाई संध्याकाळी सवयीनं दाराआड जाऊन उभ्या राहायच्या. बाहेर कुणी नसायचं. एकदा पोटभर मिळालं की भूक मरते म्हणतात, त्यांची वाढली होती, आणि त्या एकट्याच तिथे डोळे पुसायच्या.

पाचव्या दिवशी पंत कचेरीतून आले ते टोपी न काढताच दाराशी थांबले.

“डॉक्टर वाटेत भेटले. मंद्रूपची एक बाई आलीय त्यांच्याकडे, मायाक्का नावाची. चक्कर येते, जेवण जात नाही. डॉक्टरांना काही उमगेना. म्हणाले, तुमच्या घरात विचारा की.”

“किती दिवसांपासून?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

पंतांना ठाऊक नव्हतं. ते उलट पावली नव्या पेठेत गेले, तासाभरानं परत आले. “दोन महिने.”

“चक्कर उठल्यावर येते की जेवल्यावर?”

पंत पुन्हा गेले. परतले तेव्हा सदरा भिजला होता. “उठल्यावर, असं तो म्हणतो.”

“तो कोण?”

“बिरप्पा, तिचा नवरा.”

“आणि मायाक्का काय म्हणते?”

“ती कसली बोलते! परक्या पुरुषासमोर तोंड उघडत नाही. पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसलीय. बिरप्पाच तिच्या वतीनं सांगतो.”

ती बाई रुक्मिणीबाईंना इथून स्वच्छ दिसली.

“मग डॉक्टरांना काय सांगू?” पंतांनी विचारलं.

“तुम्ही काही सांगू नका. मी येते. माझ्याशी बोलेल ती.”

पंतांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण पायांत गोळे आले होते आणि निरोपांच्या आणखी फेऱ्या मारायची ताकद नव्हती. मेडिकल स्कूल या जन्मात आपलं नाही, हे रुक्मिणीबाईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्याची खंत शेवटपर्यंत राहायची होती. तरी त्यांनी पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडला. पेठेतल्या लोकांनी त्या संध्याकाळी बघितलं ते असं, की पुढे रुक्मिणीबाई भराभर चालल्या आहेत आणि त्यांच्या चार पावलं मागून शरच्चंद्रपंत टोपी सावरत, “अगं, डावीकडे वळायचंय,” म्हणत येताहेत.