दार लावा, गारवा सांडते

गुलाबभाऊच्या घरी पावना गेला तं 'या, बसा' ऐकाले भेटत नाई. दार हातभर उघडते, आतून एक हात येते, पावन्याचा दंड धरून आत ओढते, अन् दार लागते. "लवकर या ना, गारवा सांडून रायला." पानी-चहा मंग.

आमी दर्यापूरले शेजारी रायतो, मधात एकच भिंत. दोघायचे बी घरं जुने, भिंती मातीच्या अन् वरून टिन. भाऊची सारी नोकरी कापसाच्या जिनिंगमंदी झाली. मी शाळेत गेली नाई, निंदन अन् कापूस येचनं करूनच म्हातारी झाली. माहे मालक लवकर वारले. दोन पोरी याच टिनाखाली वाढोल्या. दुपारी लुगडं वलं कराचं, अंगावर घ्याचं अन् पडून रायचं. उन्हाशी भांडता येते हे मले ठाऊकच नोतं.

गुलाबभाऊ भांडले.

त्यायची घरवाली, शांतावयनी, तिले दिवाळीच्या मांगं लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पोरगा सुनील अमरावतीले फ्लॅटमंदी रायते, एसीत. तो म्हने, "बाबा, आई या टिनात उन्हाळा काढत नसते. मी तिले नेतो, तुमी बी चाला." भाऊ एक डाव तिथं जाऊन दोन दिवसांत वापस आले होते. म्हने, "तिसऱ्या माळ्यावर माणूस दिसत नाई, नुसते दारं दिसते." म्हनजे वयनीले अमरावतीले नेलं असतं तं हे इथं एकटेच.

त्यायनं पोराले कबूल केलं, "वैशाखात भर दुपारी ये. खोलीत पारा छत्तीसच्या वर असंन तं खुशाल घेऊन जा. मी तोंड उघडनार नाई."

मी म्हटलं, "भाऊ, कूलर घ्या ना."

"लाईन कवा जाते? दुपारी. ऊन कवा असते? दुपारी. अन् वल्या हवेनं तिचे हाडं दुखते. बाई, ऊन घरात येते कुठून ते पाहू द्या."

मंग ते ऊन पाहत फिरले. भिंतीले तळहात लावत, जसा बिमार माणसाच्या कपाळाले लावते. गरम लागली का खडूनं फुली मारत. पाऱ्याची काडी खिळ्याले टांगली अन् तिच्या बाजूले भिंतीवर रोजचा आकडा लिहीत गेले. चाळीस. चाळीस. एकोनचाळीस. मावळतीच्या भिंतीसमोर हातभर जागा सोडून पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यायचा कुड उभा केला, का ऊन कुडावर आदळावं, भिंतीवर नाई. टिनावर चुन्याचे दोन हात दिले. अन् दुसऱ्या दिवशी चुना घेऊन माह्या टिनावर चढले.

"भाऊ, माह्या घरावर काहून?"

"तुमचं टिन तापते, मंग तुमची भिंत तापते, मंग माही तापते. दोष तुमचा हाये." खाली उतरेपर्यंत असेच रागावलेले. माहं घर बी गार झालं, ते मी काही त्यायले सांगितलं नाई. अजून बोलले असते.

मंग टिनाच्या खालून बांबूचे तट्टे ठोकले अन् मधात सोयाबीनचं कुटार भरलं. आकडा आला सदतीस. भाऊ गल्लीभर सांगत फिरले. पन कुटारात दाने राहतेच, दान्यावर उंदरं आले. दिवसाढवळ्या वर पयापय, अन् तट्ट्याच्या फटीतून भुसकट वयनीच्या डोळ्यात. सारं काढा लागलं. आकडा पुन्हा एकोनचाळीस.

त्या दिवशी भाऊ ओट्यावर डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, "सारी जिंदगी कापसात गेली तुमची, अन् घरात ढोराचा चारा काहून भरला?"

भाऊ ताडकन उठले, अन् घरोघरच्या फाटक्या गाद्या मांगाले निघाले. जुना कापूस पिंजला, कडूलिंबाचा पाला घालून बोऱ्यात शिवला. बोऱ्या मी शिवल्या. पन जिनिंगचा माणूस आगीले लय भेते. वरच्या साऱ्या वायरा त्यायनं पयले भिंतीवर उतरोल्या, मंगच कापूस चढू देला. खिडकीले गोधडी. पहाटं उघडाची, आठ वाजता लावाची. आठाच्या मांगं कोनी दारात उभं रायलं तं शिव्या.

सुनील आला त्या दिवशी ऊन असं, का चपलीतून पाय भाजे. भाऊनं त्याले बी दंड धरून आत ओढलं. पोरगं सरळ काडीपाशी गेलं. पस्तीसच्या जरा वर, छत्तीसच्या खाली. त्यानं काडी हालवून पायली. मंग आईच्या बाजेजवळ चटईवर टेकला, अन् बोलता बोलता झोपला. घोरे बी. भाऊ चार वाजेपर्यंत पाऱ्याकडं पाहत खुर्चीवर बसले, जशी ती काडी पयूनच जाते.

उठल्यावर सुनील इतकंच म्हने, "बाबा, आईच्या औषधाच्या गोया इथंच पाठवून देतो." अन् एकटाच एसटीले गेला.

भाऊ दारात उभे रायले. दार सताड उघडं. पोरगं गल्लीच्या वळनावरून दिसेनासं झालं तरी उभेच. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. मी ओट्याखाली उन्हात उभी.

तवा आतून वयनीचा आवाज आला. जड, एकेक शब्द ओढून.

"दार... लावा. गारवा... सांडते."

भाऊनं दार लावून घेतलं. मी बाहेरच होती, ते त्यायच्या ध्यानात नाई रायलं. मी बी वाजोलं नाई.