भिंतीसाठी ठेवलेलं पाणी

घर बांधणं ही मुळीच अवघड गोष्ट नाही. लोक उगाच बाऊ करतात! ज्या माणसाने आयुष्यभर ठरल्या वेळेला वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडलं, त्याला चार भिंती उभ्या करायला असा कितीसा वेळ लागणार? पानाला आठ कॉलम असतात. घराला भिंती चारच.

असं मी केडगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हातात चहाचा कप धरून बायकोला सांगितलं. दीना फक्त 'बरं' म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर या 'बरं'ची मला चांगली ओळख आहे. पण त्या दिवशी मी ती दाखवली नाही.

घर मात्र हवंच होतं. दीनाला दमा आहे. धूळ चालते, थंडी चालते, शेजारच्यांची मिरचीची फोडणीही एक वेळ चालते. पण रंगाचा वास आला की तिची छाती दुकानाच्या शटरसारखी खाली येते. मागे सोसायटीने नुसता जिना रंगवला, तर तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आणि आता ठराव झाला होता की, एक तारखेपासून सगळी इमारत आतून-बाहेरून रंगवायची. ऑइलपेंट! मी सभेत कडाडून विरोध केला. अध्यक्ष समजूतदार निघाले. म्हणाले, "तुमच्या मजल्यावर फिकट रंग देऊ."

म्हणून एक तारखेच्या आत घर! दीनाच्या माहेरी, राहुरीच्या अलीकडे, तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेली दोन गुंठे जागा होती. तिथे दहा बाय चौदाची एकच खोली. मातीचे भेंडे म्हणजे कच्च्या विटा, पाडलेल्या शाळेची जुनी कौलं, भंगारातून आणलेली सागाची खिडकी. सिमेंट नाही, रंग नाही, प्लायवूड नाही, थिनरचा थेंब नाही. विषमुक्त घर! आणि तेही एवढ्या स्वस्तात, की ऐकणाऱ्याला मी स्नानगृहाबद्दलच बोलतोय असं वाटायचं.

गवंडी भीमा पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दाजी, सिमेंट न्हाई?"

"नाही."

"रंग न्हाई?"

"नाही."

"मग हाय काय?"

"माती, चुना, उसाची चिपाडं."

"आन् ऱ्हानार कोन? कोंबड्या?"

दीना गावची लेक, म्हणून मी अख्ख्या गावाचा दाजी. दाजीची चेष्टा करणं हा तिथे हक्क समजला जातो. मी दुर्लक्ष केलं. भिंती चढल्या. मध्ये एकदा शेजारच्या गोरक्षनाथची शेळी खिडकीखालचा ओला भेंडा चिपाडासकट खाऊन गेली, तेव्हा मी भीमाला अभिमानाने सांगितलं, "बघ! माझं घर किती निर्विष आहे!" भीमा म्हणाला, "घर ऱ्हाईल तवर म्हना."

राहिलं होतं ते चुन्याचं प्लास्टर. आता चुना नुसत्या पाण्यात मळला तर चार पावसांत गळतो. जुने लोक त्यात गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी घालत. हे पाणी दोनेक आठवडे आंबवावं लागतं, मग भिंत अशी बसते की खिळा वाकतो. हे मी तीन ठिकाणी पडताळून पाहिलं होतं. पडताळल्याशिवाय मी काही करत नाही.

गूळ राहुरीच्या गुऱ्हाळातून आणला. हिरडा थेट डोंगराकडच्या अकोले गावच्या बाजारातून.

"येवढा हिरडा कशाला?" व्यापाऱ्याने विचारलं.

"घरासाठी."

"घरात मान्सं किती?"

"दोन."

त्याने माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मला कारण कळेना. पोतं त्याने स्वतः टेम्पोपर्यंत आणून दिलं. म्हणाला, "जपून जा."

दोन निळे ड्रम भरले. (विषमुक्त घराचं पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये, यावर कृपया कोणी बोट ठेवू नये.) आठवड्याभरात ते पाणी बोलायला लागलं. बुडबुडे, फेस, आणि वास तर असा की गांधीलमाश्या नातेवाइकांना घेऊन यायला लागल्या. सावली हवी होती म्हणून ड्रम मी गोरक्षनाथच्या गोठ्यात हलवले. तिथेच माझं चुकलं.

कारण गोरक्षनाथचा इतिहास. एके काळी हा माणूस स्वतः गाळायचा आणि स्वतःच संपवायचा. विकायला काही उरायचंच नाही. गावातल्या बायकांनी दारूबंदी समिती काढली, त्याची भट्टी फोडली, त्याला माळ घालायला लावली. त्या समितीची अध्यक्ष कोण? आमची दीना! केडगावात शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, भाषण चांगलं करते, म्हणून माहेरच्या बायकांनी तिलाच धरलं होतं.

तर एका सकाळी दीना मला म्हणाली, "अहो, मला जरा गावात सोडा. काम आहे."

"घर बघायला?"

"नाही. वेगळंच."

"काय?"

"गुप्त आहे."

मीही जास्त विचारलं नाही. तिला स्कूटरवर मागे बसवून मी निघालो. वाटेत तिने एक जाड काठी मांडीवर आडवी धरली होती. मला वाटलं, कुत्र्यांसाठी.

गावात पोचलो तर पारापाशी पंधरा-वीस बायका काठ्या घेऊन उभ्या. दीना उतरली, पदर खोचला, आणि सगळ्या गोरक्षनाथच्या गोठ्याकडे निघाल्या. मी स्कूटर स्टँडला लावत होतो. ती स्टँडला लागायच्या आत मला सगळं कळलं. पुढाऱ्यांच्या चुलीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांच्या बातम्या मी आधी काढल्या आहेत. आणि इथे माझ्याच ड्रमवरच्या छाप्याला मीच पेट्रोल घालून छापा टाकणारी आणून सोडली होती!

मी धावलो.

गोठ्यात गोरक्षनाथला त्याच्या बायकोनेच, बायडाबाईनेच, कॉलरला धरलं होतं. तीही समितीत.

"माळ घातल्याली हाय ना तुमच्या गळ्यात? लाज न्हाई?"

"अगं, माझं न्हाई ते! दाजींचं हाय! घर बांधायला!"

"गुळानं घर बांधत्यात व्हय? मग मी काय दगड कालवते चहात?"

चांगुणाबाई ड्रमवर वाकल्या. या समितीच्या उपाध्यक्ष. यांच्या नाकाला सगळा तालुका वचकून असतो. दोनदा हुंगलं. "तीच हाय. नवसागर टाकायचा बाकी हाय."

"ओता!" बायका ओरडल्या. काठ्या ड्रमला लागल्या.

"थांबा!" मी मध्ये पडलो. "हे माझं आहे!"

काठ्या हवेतच थांबल्या. म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवला. दीनाने माझ्याकडे जे पाहिलं ते वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. आणि शब्दांवर माझं पोट आहे.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे ड्रम घराजवळ होते ना?"

"सावलीसाठी हलवले."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू छाप्याचं सांगितलंस?"

"छापा गुप्त असतो!"

मी सगळ्यांना समजावलं. हे पाणी भिंतीचं. एक तारखेला तिकडे रंगारी येणार. प्लास्टर वाळायला दोन आठवडे हवेत. हे पाणी ओतलं तर नवं आंबवायला आणखी दोन आठवडे. तोवर दीना त्या ऑइलपेंटमध्ये श्वास कशाने घेणार? बायका कुजबुजल्या. दोघी-तिघींनी काठ्या खाली केल्या.

पण चांगुणाबाई पक्क्या होत्या. "दाजी, तुमचं खरं असंल. पण उद्या परत्येक भट्टीवाला म्हनंल, माजं घराचं पानी हाय. मग आमी काय करायचं? तुमी यातलं तांब्याभर प्या. आन् बसा हितं आमच्याम्होरं. चढली तर दारू, न्हाई चढली तर चुना."

सगळ्यांनी दीनाकडे पाहिलं.

"अध्यक्ष म्हणून मला मान्य आहे," दीना म्हणाली.

"आणि बायको म्हणून?"

"बायको म्हणून सांगते, नाक दाबून प्या."

मी विचार केला. गूळ म्हणजे पोषक. हिरडा म्हणजे आयुर्वेद. यात घाबरण्यासारखं काय? भिंतीला बाधत नाही ते माणसाला काय बाधणार! तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. चव अशी, की जणू कोणीतरी जुन्या चपलेचा गुळांबा केला आहे. तरी मी मिशी पुसून म्हणालो, "उत्तम!"

मला खाटेवर बसवलं. समोर समिती. गोरक्षनाथ माझ्याकडे अत्यंत आदराने पाहत होता. त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "दाजी, हिरडा किती टाकल्याला?"

"अर्धं पोतं एका ड्रमला."

"अरारा!" एवढंच म्हणून तो दोन पावलं मागे सरकला.

पहिली पाच-दहा मिनिटं माझी होती. चांगुणाबाईंनी वार विचारला, सांगितला. मुळा धरणाचं पाणी कुठे जातं ते विचारलं, तेही सांगितलं. समिती निराश व्हायला लागली. मग माझ्या पोटात कोणीतरी लांबवर ट्रॅक्टर चालू केला.

आधी सुरू होऊन बंद पडला. पुन्हा सुरू झाला. मग उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून तो चढाला लागला.

"दाजी, तुमच्या लेकीचं नाव सांगा," जयाने विचारलं. ही समितीतली सगळ्यांत धाकटी.

नाव एंजल. ते मला माहीत होतं. मीच ठेवलं आहे. पण त्या क्षणी तोंड उघडण्याची जोखीम मी घेऊ शकत नव्हतो. शरीराचे सगळे दरवाजे बंद ठेवणं हेच धोरण होतं.

"लेकीचं नाव इसरले!" जया किंचाळली.

"घाम बघा, घाम!"

"डोळं तारवटले!"

"उठा दाजी," चांगुणाबाई म्हणाल्या, "दावणीपास्नं दारापत्तोर सरळ चाला."

मी उठलो. गुडघे एकमेकांना चिकटवून चालणारा माणूस सरळ चालू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी कडेकडेने, चिमणीसारख्या उड्या मारत, दारापर्यंत गेलो.

"पाय बघा! पाय अडखळाय लागले!"

दीना उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. समितीसमोर अध्यक्षबाईंचा नवरा भर सकाळी झिंगला होता. चांगुणाबाईंनी काठी उचलली. "वता ड्रम!"

"दीना," मी दात आवळून म्हणालो, "मी... आलोच!"

आणि पळालो.

"पळाला! धरा!"

त्या धावेचा मला आजही अभिमान आहे. गोठ्यापलीकडे गोरक्षनाथचा ऊस होता, पुरुषभर उंच. मी त्यात असा घुसलो की कोल्ह्यानेही वाट द्यावी. मागून समिती आली आणि तिने उसाला वेढा घातला.

"दाजी, भाईर या!"

"येतो!"

"आत्ता या!"

"आत्ता येता येणार नाही!"

"का न्हाई?"

या प्रश्नाचं सविस्तर उत्तर मी दिलं नाही. पण उसातून जे आवाज गेले, त्यांनी ते दिलं. वेढा दोन पावलं मागे हटला. मग गोरक्षनाथला पाहणीसाठी आत पाठवण्यात आलं. तो अर्ध्या वाटेतूनच परतला आणि त्याने जाहीर केलं, "दारू न्हाई! म्या जलमभर पिली, दारूनं असं व्हत न्हाई! ह्यो हिरडाच!"

मग बायडाबाई खुदकन हसली, आणि सगळा वेढा पोट धरून बांधावर बसला. त्या गोंधळातून मला दीनाचा स्वच्छ आवाज ऐकू आला. "गोरक्षनाथ, त्यांना टमरेलभर पाणी नेऊन द्या. त्या ड्रममधलं नको!"

ड्रम वाचले. समितीने ठराव केला की हे पाणी भिंतीचंच आहे. भीमाने आठवड्याच्या आत प्लास्टर उरकलं. काम करताना तो मधूनच थापी खाली ठेवून उसाकडे बघायचा आणि हसायचा, म्हणून थोडा वेळ लागला. भिंती वाळल्या. एक तारखेच्या आदल्या दिवशी दीना दोन पिशव्या आणि तिची औषधं घेऊन राहायला आली. आमच्या चर्चच्या पास्टरसाहेबांनी प्रार्थना केली. रात्री ती गाढ झोपली. मी उशाशी इनहेलर ठेवला होता. तो तसाच राहिला.

माझी चूक एवढीच झाली की प्लास्टरनंतर पाऊण ड्रम पाणी उरलं होतं, आणि गोरक्षनाथने त्यातलं चमचाभर स्वतः घेऊन पाहिलं. पोट साफ होऊन त्याला फार बरं वाटलं. आणि त्याच्यापाशी गोष्ट राहत नाही.

नव्या घरातली पहिली सकाळ. दीनाने दार उघडलं. बाहेर गावातले म्हातारे ओळीने बसले होते, तिच्या उंबरठ्यापासून पार बांधापर्यंत. दाजींचं पाणी न्यायला. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती. आणि गावात रिकामी बाटली म्हटल्यावर जी मिळते तीच होती. देशी, विदेशी, क्वार्टर, खंबा! दारूबंदी समितीच्या अध्यक्षांच्या दारात!

सगळ्यांत पुढे चांगुणाबाईंचे सासरे होते. त्यांनी क्वार्टर पुढे केली. "बाई, येवढी भरा. दाजी म्हनले, सकाळीच या."

दीना माझ्याकडे वळली आणि तिने बोलायला सुरुवात केली. ड्रमपासून केली, गोठ्यावर आली, उसातून फिरून माझ्या आईच्या लाडांपर्यंत गेली, तिथून पुन्हा बाटल्यांवर आली. म्हातारे एकेक करून बाटल्या धोतरात लपवून सटकले. मी उभा होतो. ती बोलत होती. एकदा खोकली नाही. एकदा अडखळली नाही. छातीवर हात गेला नाही. इतकं सलग, एका दमात, मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"हसताय काय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "घर जमलं."

त्यावर तिने श्वास घेतला. छान, खोल, पोटभर. आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.