अठ्ठेचाळीस चॅनेलांच्या मिक्सराची व मोजून घातलेल्या खरखरीची हकीकत

श्री. ऐकणाऱ्याचे दोन्ही कान शाबूत असोत. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यात स्वस्थता होती आणि महाराजांस खरखरीचा मोठा तिटकारा होता. मग असे जाहले की महाराजांच्या मातोश्री आऊसाहेबांच्या घशास व्याधी जडली आणि वैद्य बोलिले, पौषात शस्त्रक्रिया करणे, पुढे गळा गाणार नाही. तेव्हा आऊसाहेबांनी इच्छा दर्शविली की कन्या चंपूताई परमुलखी नांदते, तीस लहानपणीची अंगाई आपल्या आवाजात पाठवावी. ध्वनिमुद्रणाचे कारभारी विसाजीपंत अर्ज करिते जाहले, "एक गळा, एक तंबोरा. दोन चॅनेलांचा मिक्सर पुष्कळ." यावर सरदार येसाजीराव उसळले, "शेजारच्या दरबारी बत्तीस, आणि आपण दोन? तोंड कुठं दाखवायचं, महाराज?" मग अठ्ठेचाळीस चॅनेलांचा मिक्सर आणविला, आणि तो आत यावा म्हणोन दरवाजाची चौकट काढविली, आणि उरली सेहेचाळीस चॅनेले एकेका सरदारास बहाल जाहली, आणि सरदारांनी आपापले बटण मानाप्रमाणे वर चढविले, आणि रिकाम्या चॅनेलांतून नुसते सूं सूं निघो लागले. विसाजीपंतांनी ती सारी आतून बंद केली व दिवे तेवढे लागते ठेविले. सरदार संतोष पावले.

मग आऊसाहेब गाइल्या, आणि आवाज उतरत उतरत शेवटचे "नीज गं चंपू" श्वासाएवढे उरले. मुद्रण चोवीस बिटांचे, म्हणजे बारीक मापाचे, नामी उतरले. परंतु ताईंकडील यंत्र जुने, त्यास सोळा बिटांची सीडी लागे, म्हणजे माप जाडे. विसाजीपंत बोलिले, "जाड्या मापात उतरवताना किंचित खरखर मुद्दाम घालावी लागते, महाराज. तीस डिदर म्हणतात." महाराज म्हणाले, "पंत, चौकट काढून मिक्सर आणला तो खरखर घालायला? बरं वाटतंय ना तुम्हाला?" मग सीडी निर्मळ रवाना जाहली, आणि आठवड्यात ताईंचा फोन आला, त्या रडत होत्या. "आईचा आवाज शेवटी घोगरा होऊन तुटतो, आणि माझं नाव यायच्या आत बंद! काय लपवताय माझ्यापासून?"

पंत इतकेच बोलिले, "मूळ मुद्रण शाबूत आहे. श्वासाएवढा स्वर जाड्या मापात बसला नाही, तो गळला." तेव्हा आऊसाहेब पलंगावरून वदल्या, "तुमचं बिट-फिट मला कळत नाही रे राजा. पण चाळणी नुसती धरून बसलास तर पीठ पडतं का खाली? जरा हलवावी लागते. पंत तेवढंच म्हणतायत."

"आणि ती खरखर ऐकू आली तर, आऊसाहेब?" महाराजांनी पुसले.

"येऊ दे की. घरात माणूस आहे एवढं कळेल."

मग मोजून खरखर घातली आणि दुसरी सीडी रवाना जाहली. पौषात शस्त्रक्रिया पार पडली, जीव वाचला, गळा गेला. ताईंचा फोन आला, "आलं. माझं नाव आलं." हे ऐकोन येसाजीराव भर सभेत म्हणाले, "ती खरखर मुळात आमच्या चॅनेलाची!" आणि सेहेचाळीस जणांनी आपापला हक्क सांगितला, आणि महाराजांनी वाद नको म्हणोन सर्वांस शेले दिले. हल्ली महाराज सांजेस अंगाई लावितात, आऊसाहेब शेजारी मुक्याने बसतात, गाणे सरते, मागे बारीक खरखर उरते, आणि हुजऱ्या यंत्र बंद करावयास हात घालितो, तो महाराज म्हणतात, "थांब जरा. राहू दे."

एकूण वर्तमान असे की मिक्सर थोर आला, चॅनेले दोन कामास आली, आणि खरखरीस राज्यात ठाव मिळाला. दिसले तैसे लिहिले.