एका बीची चौकशी

मानवजातीच्या प्रगतीत अडथळे पुष्कळ आले, पण दाताखाली येणाऱ्या अडथळ्याइतका गंभीर दुसरा नाही. यामानाशीच्या डोंगरउतारावरच्या आमच्या कुरुमेझावा गावाने हा अडथळा दूर करण्यासाठी तीन पिढ्या खर्ची घातल्या आहेत. द्राक्ष उत्पादक संघाचा चिटणीस या नात्याने हे अभिमानाने नमूद करतो.

पद्धत सोपी आहे. फुलं उमलायच्या दोन आठवडे आधी प्रत्येक घड संजीवकाच्या, म्हणजे रोपांच्या वाढीच्या औषधाच्या, पेल्यात बुडवायचा, म्हणजे बी धरत नाही. फुलं झाल्यावर दहा दिवसांनी पुन्हा बुडवायचा, म्हणजे बी नसल्याचं दुःख विसरून मणी फुगतो. हे संजीवक आमच्याच देशात भाताच्या एका रोगातून सापडलं. त्या रोगाने रोपं ताडमाड वाढायची आणि आडवी व्हायची. शेतकरी त्याला 'बावळट रोप' म्हणत. ज्याने भाताला वेड लावलं त्यानेच द्राक्षाला शहाणं केलं. संशोधन म्हणतात ते हेच.

गावात तेवीस कुटुंबं, दर कुटुंबामागे सरासरी अठरा हजार घड. म्हणजे चार लाख चौदा हजार घड, प्रत्येकी दोनदा, हाताने, मान वर करून. बुडवलेला घड ओळखू यावा म्हणून पेल्यात लाल रंग घालतात, त्यामुळे जूनमध्ये सगळं गाव गुलाबी हातांनी जेवतं. या दिवसांत लग्न काढायचं नाही, आजारी पडायचं नाही. (मरण आवरत नसेल तर दोन बुडवणींच्या मधे यावं, अशी ज्येष्ठांना विनंती आहे. बहुतेकांनी ती मानली.)

नवी वेल लावायलाही बी लागत नाही. काडी कापायची, तिचं बूड दुसऱ्या एका संजीवकात बुडवायचं, मुळं फुटतात. थोडक्यात, गावात बीला काही कामच उरलेलं नाही. गावाचं सरासरी वय अडुसष्ट आहे आणि शाळेत चार मुलं आहेत. (या दोन गोष्टींचा वरील मजकुराशी संबंध नाही, असा ठराव संघाने एकमताने केला आहे.)

अकरा वर्षं आमच्या खोक्यांत एकही बी सापडली नव्हती. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर, हंगामाची शेवटची खोकी गेल्यावर, तोक्योहून एका ग्राहकाचं पत्र आलं. पत्राला चिकटपट्टीने एक बी लावली होती. मजकूर असा: 'ही माझ्या दाताखाली आली. मी अजून सावरलेलो नाही.'

नियम सात स्वच्छ आहे. ज्याच्या बागेतून बी गेली, त्याने पाच वर्षं संघाचा शिक्का वापरायचा नाही. शिक्क्याशिवाय शहरातला कोणताही दुकानदार खोकं उघडूनही बघत नाही. पण खोक्यावर फक्त तारीख होती, आणि त्या दिवशी तेवीसही बागांचा माल एकत्र भरला होता.

आमच्याकडे चूक कोणाची हे ठरण्याआधी माफी मागायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून अध्यक्ष कोशिमिझु-सान यांच्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात गोड पुरणाच्या वड्यांचं खोकं.

"माझीच असणार हो. बुडवताना मला शिंक आली होती."

"छे छे, तुमची कशी? माझीच. या वर्षी मान आखडली होती ना माझी."

"तुम्ही दोघं उगाच मोठेपणा घेऊ नका. मी तर एक अख्खी ओळ झोपेत बुडवली!"

दुपारपर्यंत एकवीस जणांनी कबुली दिली, संध्याकाळी खुद्द अध्यक्षांनी सगळ्यांसमोर कमरेत वाकून बाविसावी दिली. बी एक, गुन्हेगार बावीस. सगळ्यांना शिक्षा करावी तर संघच बंद पडतो. वड्या मात्र आम्हाला नोव्हेंबरपर्यंत पुरल्या.

आल्या नाहीत त्या एकट्या फुसाए मोचिझुकी. वय चौऱ्याहत्तर. नवरा गेल्यापासून बाग एकटीने बघतात. अध्यक्ष आणि मी त्यांच्याकडे गेलो. त्या मांडवाखाली वाळकी पानं तोडत होत्या.

"फुसाए-सान, नुसतं वाकायचं तर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"कशाबद्दल?"

"बीबद्दल."

"माझी नाही ती."

"अहो, कोणाचीच नाही. तरी सगळे आपली म्हणताहेत ना?"

"मग द्या त्यांना वाटून." त्यांनी कात्री खाली ठेवली. "अठरा हजार घड, दोनदा. एकटीने. छत्तीस हजार वेळा हा हात वर गेलाय. आता रात्री केस विंचरायलाही वर होत नाही. आणि तुम्ही म्हणता, म्हण एक घड राहिला म्हणून? नाही म्हणणार."

मला त्या क्षणी त्यांचा फार आदर वाटला. (इतिवृत्तात आदरासाठी रकाना नाही.)

मग त्या आम्हाला बांधाशी घेऊन गेल्या. अध्यक्षांच्या वेलीची एक फांदी बांध ओलांडून त्यांच्या मांडवावर आली आहे. तिच्यावर दरवर्षी सहा घड धरतात.

"हे सहा तुमचे. अकरा वर्षं मीच बुडवत होते, गुपचूप. तुम्हाला माझ्या आवारात शिरायला संकोच वाटेल म्हणून."

"मग या वर्षी?"

"गेल्या वर्षी तुमच्या सुनेने मला बघितलं. आभार मानायला खरबूज घेऊन आली. आता खरबूज घेतल्यावर पुन्हा कसे बुडवणार? दुसऱ्या खरबुजाची वाट बघतेय असं नाही का वाटणार?"

यात चूक काढायला जागा नव्हती. अध्यक्षांकडच्यांनी आभार मानले म्हणून ते निर्धास्त राहिले. फुसाए-साननी आभार स्वीकारले म्हणून त्या थांबल्या. सौजन्य दोन्हीकडून पूर्ण पाळलं गेलं आणि मधे एक बी धरली. सहापैकी पिकलेले तीन सुनेने शेवटच्या खोक्यात भरले होते. उरलेले तीन अजून लोंबत होते, कारण बीवालं द्राक्ष उशिरा पिकतं.

फुसाए-साननी एक मणी तोडून अध्यक्षांच्या हातावर ठेवला. त्यांनी तोंडात टाकला. कटकन आवाज आला. मग अध्यक्षांनी पुरावा गिळला.

त्या संध्याकाळी समितीची बैठक झाली. युक्तिवाद असा: बावीस जणांनी माफी मागितली, माफी मागितल्यावर प्रकरण मिटतं, म्हणून बावीस जणांचं प्रकरण मिटलं. एकीने माफी मागितली नाही. म्हणून प्रकरण तिच्यापाशी उरलं. फुसाए मोचिझुकी यांचा शिक्का पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आला. हात वर करताना अध्यक्षांनी डोळे मिटले होते. इतिवृत्त मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

शिक्का गेला तसा नियमही गेला. या वर्षी फुसाए-साननी एकही घड बुडवला नाही. जूनमध्ये साऱ्या गावाचे हात गुलाबी होते, त्यांचे नव्हते. आता त्या रस्त्याकडेला फळी टाकून बीवाली द्राक्षं विकतात. मी एक घड नेला. (टोपी पुढे ओढून.) चव काय सांगू! बीपाशी जरा आंबट लागतं आणि मग सगळं तोंड गोड होतं. ही चव मी लहानपणी चाखली होती आणि ती माझ्या वयाबरोबर गेली असं समजत होतो. शरम वाटली. बिया मात्र नियमानुसार कागदात बांधून टाकून दिल्या.

त्यांच्या फळीपाशी गाड्या थांबतात. लोक उतरतात, घड उचलून नाकाशी नेतात, खूश होतात आणि एकच प्रश्न विचारतात. फुसाए-सान खोटं बोलत नाहीत, हे आता जगजाहीर आहे. लोक घड हळूच खाली ठेवतात.

इथवर वाचून तुम्हाला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं असेल. चौकशी समितीबद्दल तुम्ही चार शब्द बोललाही असाल. संघ आपल्या भावनांचा आदर करतो. तरीही पुढच्या हंगामासाठी आम्ही आठ लाख अठ्ठावीस हजार बुडवणींचं (फुसाए-सानच्या छत्तीस हजार धरून) संजीवक आजच मागवून ठेवलं आहे, कारण उद्या फळवाल्यापुढे उभे राहिल्यावर तुम्ही पहिलं काय विचारणार, हे आम्हाला पाठ आहे.